सासूबाईंचा बिल्ला

डॉक्टरांचं संशोधन साथीच्या तापावर होतं. ताप घरात एकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो आणि जाता जाता हृदयाची ताकद किती उतरवून ठेवतो, हे त्यांना घरोघरी तपासायचं होतं. त्यासाठी गळ्यात घालायचे बिल्ले बनवले होते. दोन बिल्ले हातभर अंतरावर आले की नोंद व्हायची. लोकांना देण्याआधी घरीच करून बघू म्हणून त्यांनी ते बायकोच्या, लेकीच्या, मुक्कामाला आलेल्या सासूबाईंच्या आणि स्वतःच्या गळ्यात घातले.

"कुलूप लावल्यासारखं वाटतंय," सासूबाई म्हणाल्या.

आणि ताप बोलावल्यासारखा आला. लेकीने शाळेतून आणला, आईला दिला, आजीला दिला. डॉक्टर ठणठणीत. "हात धुताय ना?" असं दारातूनच विचारायचं आणि आपल्या खोलीत जाऊन बसायचं. या शिस्तीवर परिषदेत बोलायचं, हेही त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

मंडळी हिंडूफिरू लागल्यावर त्यांनी नोंदींचा नकाशा पडद्यावर लावला आणि बायकोला हाक मारली. मायलेकींच्या ठिपक्यांमध्ये रेघांचा नुसता गुंता. डॉक्टरांचा ठिपका पार कोपऱ्यात, आणि त्याला दोरखंडाएवढ्या जाड रेघेने बांधलेल्या सासूबाई.

बायको बघतच राहिली. "आईशी एवढी जवळीक कधी झाली हो?"

"यंत्र बिघडलंय."

"यंत्राला कशाला नावं ठेवता?" सासूबाई दारातून म्हणाल्या. "मानेला काचत होता, म्हणून पहिल्याच दिवशी इथे खुंटीला अडकवला. तुमच्या खुर्चीच्या मागेच तर आहे, जावईबापू."

डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं. होता. मग त्यांनी चित्र मोठं केलं. बायकोकडे जाणारी रेघ असणारच. सापडली, केसाएवढी.

"ही कधीची?"

"तुम्ही चार्जर शोधायला आला होतात. मी तापाने फणफणले होते, उशाखालून काढून दिला." ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला धाप लागली. टेबल धरून ती खाली बसली.

"हे कधीपासून?"

"ताप उतरल्यापासून. जिना चढले तरी होतं."

"मला सांगायचं नाही?"

"कुठून, दारातून?"

तापानंतर धाप लागते का, हा त्यांच्याच प्रश्नावलीतला पहिला प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी इको काढला. पडद्यावर बायकोचं हृदय दमल्यासारखं आकुंचन पावत होतं. डॉक्टर इतके जवळ बसले की तपासणाऱ्या बाईंना त्यांना जरा सरकायला सांगावं लागलं. "सूज आलीये," त्या म्हणाल्या. "वेळेवर कळलंय, बहुतेक भरून येईल. पण पूर्ण विश्रांती, आणि लक्ष ठेवायला कुणीतरी जवळ हवं."

घरी आल्यावर डॉक्टरांनी खुर्ची उचलून बायकोच्या पलंगाशी नेली. वाकून उशी सारखी करताना गळ्यातला बिल्ला तिच्या नाकावर आपटला. तो काढून त्यांनी सासूबाईंच्या बिल्ल्याशेजारी खुंटीला लटकवला.

बायकोची धाप आता कमी होतेय. नकाशावर मात्र जावई आणि सासूबाई एकमेकांना सोडायला तयार नाहीत.