दिवेलागणीआधी दाराबाहेर

मित्रांनो, दार जरा बेताने उघडा, मी दाराशीच आहे. एके काळी लालभडक असलेला, आता फिकट पडलेला, एक कोपरा फुटलेला मी द्राक्षांचा जुना प्लास्टिकचा कॅरेट आहे. येणारे-जाणारे मला चपलांचा खोका समजतात. कुणी नाक मुरडते, कुणी पायाने बाजूला सरकवते. मी काही बोलत नाही. पण आज तुम्ही थांबलाच आहात, तर माझी गोष्ट ऐकून जा.

माझा जन्म अंबडच्या एका कारखान्यात झाला. तापलेल्या साच्यातून बाहेर पडलो, तेव्हा माझ्यासारखीच भावंडे एकावर एक रचलेली होती. तिथून आम्ही सारे निफाडजवळ पुंजामामांच्या बागेत गेलो. द्राक्षांचा हंगाम म्हणजे आमचा थाट! तळाशी कागद अंथरायचा, वर घड ठेवायचे आणि खुडणाऱ्या बायकांच्या गप्पा ऐकत सावलीत बसायचे. एकटेपणा म्हणजे काय हे मला तेव्हा ठाऊकच नव्हते. काही हंगामांनंतर ट्रकमधून उतरवताना माझा कोपरा फुटला. फुटक्या कॅरेटला बागेत कोण विचारतो? मामांनी माझ्यात घरच्या खाण्याची द्राक्षे भरली आणि मला नाशिकला आपल्या भाचीकडे, उज्वलाताईंकडे आणले. द्राक्षे संपली. मी मात्र तिथेच राहिलो.

उज्वलाताई तेव्हा सिडकोत भाड्याच्या घरात राहत. त्या बाळंतविडे शिवतात. बाळंतविडा म्हणजे नव्या बाळासाठी माहेराहून येणारी भेट: कुंची, झबली, टोपडी, मऊ दुपटे. फोनवर मागणी यायची, ताई शिवायच्या, आणि तयार पार्सले माझ्यात ठेवायच्या. माझी जागा शिलाई मशीनला लागून होती. मशीन चालले की मीही थरथरायचो. दुपारी कुरिअरवाला यायचा, उंबऱ्यावर बसून पाणी प्यायचा आणि पार्सले घेऊन जायचा. "हा कॅरेट नसता ना, तर माझा धंदा घरभर सांडला असता," असे ताई शेजारणींना सांगायच्या. माझी छाती फुगायची. कॅरेटला छाती असते का, असे विचारू नका!

ताईंचे यजमान रोहितदादा नोकरीसाठी वापीला असतात. त्यांनी म्हसरूळच्या पुढे, एका नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर स्वतःचे घर घेतले. सगळ्यांना केवढा आनंद झाला! सामान बांधायची गडबड चालू असतानाच ताईंच्या फोनवर एक निरोप आला. ताईंचे हात कामात होते, म्हणून त्यांनी तो मोठ्या आवाजात लावला. सासूबाई सगुणाबाई तेव्हा आत झोपल्या होत्या. ऐकायला ताई होत्या आणि मी.

"ताई, मी मनाली, भोपाळहून बोलतेय. मला मुलगी झालीय. सासरची माणसं चांगली आहेत हो, पण बारशाला माहेरचा बाळंतविडा लागतो ना! आई-बाबा आता नाहीत. माझ्या नाशिकच्या माहेराला कुलूप आहे. म्हणून माझा मीच मागवतेय. पार्सलवर पाठवणाऱ्याच्या जागी 'माहेरून, नाशिक' एवढं लिहाल का? लोकांसमोर उघडायचंय ते."

ताईंनी तो निरोप पुन्हा एकदा ऐकला. मग बांधलेले सामान सोडून त्यांनी मशीन उघडले आणि कुंचीला सगळ्यात सुंदर जरीची किनार लावली. नव्या घरात पाऊल ठेवल्यावर माझ्यात पहिले पार्सल ठेवले गेले ते मनालीताईंचे. त्यावर जाड अक्षरांत लिहिले होते, माहेरून, नाशिक.

आता फक्त ते घेऊन जायला कुरिअरवाला यायचा होता. बारसे रविवारी होते.

ताई सकाळपासून दाराकडे कान लावून बसल्या. बेल वाजेल आणि ऐकू येणार नाही, या भीतीने त्यांनी मिक्सरही लावला नाही. कुणी आले नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. फोनवर मात्र कुरिअर कंपनीचा निरोप आला की आमचा माणूस येऊन गेला, पाठवणारे घरी नव्हते. ताई चिडल्या. "घरी नव्हते? मी काय भिंतीत होते का?" शेवटी फोन उघडून बघतात तो काय, काखेत कळसा नि गावाला वळसा! नवा पत्ता त्यांनी गॅसवाल्याला कळवला होता, बँकेला कळवला होता, पार नात्यातल्या लांबच्या मावशीलाही कळवला होता. कुरिअरच्या नोंदीत पार्सल कुठून उचलायचे, त्या जागी मात्र सिडकोचे जुने घरच राहिले होते. तो बिचारा माणूस रोज तिथे जाऊन कुलपाशी उभा राहत होता.

ताईंनी पत्ता बदलला. पण मधले दिवस कसे गेले, ते मीच जाणतो. सिडकोत दार कायम उघडे असायचे. इथे समोरची दोन्ही घरे रिकामी, त्यांना कुलपे. सगुणाबाई जुन्या घरी पायरीवर बसून अख्ख्या गल्लीशी बोलायच्या. इथे त्या गॅलरीतून बोरगडाच्या डोंगराकडे बघत बसायच्या आणि दर थोड्या वेळाने म्हणायच्या, "कुनीच कसं दिसंना गं?" मला त्यांची फार दया यायची. माझी दया कुणाला यायची, ते सोडा.

आणि एके दिवशी बेल वाजली! बाहेर दिवेलागण झाली होती. ताई औषधे आणायला खाली गेल्या होत्या. सगुणाबाईंनी नुकताच देवापुढे दिवा लावला होता. त्या लगबगीने दाराशी आल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला होता. दारात उन्हाने रापलेला, पाठीवर मोठी पिशवी घेतलेला एक माणूस होता.

"आजी, मी झिपरू. कुरिअरवाला. पार्सल न्यायला आलोय. तुमचं घर लय लांब, म्हणून शेवटी येतो."

मला वाटले, सुटलो. पण सगुणाबाईंचा चेहरा पडला.

"आत्ता? दिवेलागणीला? या वक्ताला घरातलं काय बाहेर देत नाय बाबा. लक्ष्मी जाती. सकाळी ये."

आता झिपरूभाऊंनी वाद घालायला हवा होता की नाही? पण ते सुरगाण्याकडच्या खेड्यातले. त्यांनी लगेच मान डोलावली. "बरोबर हाय आजी. आमच्या घरी बी नाय देत," म्हणाले आणि लिफ्टकडे वळले. दोन भली माणसे, दोघांचे एकमत, आणि पार्सल माझ्यात तसेच! मी ओरडलो असतो, पण मला तोंड नाही. सगुणाबाई मात्र दार लावायचे विसरल्या. लिफ्ट खाली जाण्याचा आवाज संपेपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या.

ताई आल्या. त्यांनी पार्सल पाहिले, सगळे ऐकले आणि खालीच बसल्या. रडल्या नाहीत, पण आवाज ओला झाला होता.

"आई, उद्या गेलं नाही तर बारशाला पोचायचं नाही. आणि तो सकाळी येत नसतो, ही वेळच आहे त्याची इकडे यायची." मग त्यांनी मनालीताईंची सगळी हकीकत सांगितली. "त्या पोरीला पाठवणारं कुणीच नाही हो."

सगुणाबाईंनी पार्सल उचलून मांडीवर घेतले. मग म्हणाल्या, "आधी सांगायचं नाय का मला? मला काय म्हाईत, त्या पुडक्यात कुनाचं माहेर हाय ते."

दुसऱ्या दिवशी उन्हे उतरू लागली, तशा त्या उठल्या. पदराने मला पुसले आणि दोन्ही हातांनी ओढत थेट दाराबाहेर नेऊन ठेवले. पार्सल माझ्यात नीट ठेवले.

"अहो आई, हे काय?"

"घरातलं बाहेर गेलं ते उजेडात गेलं. आता बाहेरचं बाहेरून नेलं, तर लक्ष्मी कशाला रुसंल?"

ताई हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या. मग दार लागले.

मित्रांनो, त्या संध्याकाळसारखी संध्याकाळ मी कधी पाहिली नव्हती. जन्मल्यापासून मी एकटा असा कधी नव्हतोच. आतून मशीनचा आवाज येत होता, पण माझ्या अंगाला थरथर जाणवत नव्हती. समोर दोन कुलपे. मग वीज गेली, म्हणजे लिफ्टही बंद. दुष्काळात तेरावा महिना! या अंधारात चार मजले चढून कोण येणार? एक मांजर आले, पार्सल हुंगून निघून गेले. मला मनालीताईंची आठवण आली. मी त्यांना पाहिलेले नाही, पण कुलूप लागलेले माहेर कसे दिसत असेल, ते मला समोर दिसतच होते. मी पार्सल घट्ट धरून बसलो. धरायला हात नाहीत, पण जे होते त्याने धरले.

खूप वेळाने जिन्यात धापा ऐकू आल्या. झिपरूभाऊ! त्यांनी फोनच्या उजेडात पार्सल उचलले, वरची अक्षरे वाचली आणि ते पिशवीत न टाकता छातीशी धरले. बेल वाजवली नाही. दाराला तोंड लावून हळूच म्हणाले, "आजी, नेलं हो!"

"ने बाबा, ने," लगेच आतून आवाज आला. सगुणाबाई दारामागेच बसल्या होत्या.

तेव्हापासून माझी जागा बाहेरच झाली. दिवेलागणीआधी ताई पार्सले ठेवतात, झिपरूभाऊ नेतात आणि मी रात्रभर रिकामा राहतो. काम चोख होते, म्हणून मला परत आत न्यायचे कुणाच्या लक्षातच आले नाही. पावसाची झड जिन्याच्या खिडकीतून माझ्यावर येते. माझ्या जाळीत धूळ साठली आहे.

त्या रविवारी, बारशाच्या संध्याकाळी, ताईंचा फोन वाजला. या घरात आत आवाज तुटतो, म्हणून फोन घेऊन त्या दाराबाहेर, माझ्याजवळ आल्या. मागोमाग सगुणाबाईही आल्या. मोठ्या आवाजात लावलेल्या फोनमधून आधी बाळाचे रडणे ऐकू आले.

"ताई, पोचलं! काल आलं. आज बारशात सगळ्यांसमोर उघडलं. कुंची इतकी शोभली हो तिला!" मनालीताई थांबल्या. "आता सगळे विचारतायत, माहेरी कधी जाणार म्हणून. मी नुसती हसले."

सगुणाबाईंनी फोन आपल्याकडे ओढला.

"कधी म्हंजी? सव्वा महिना झाला की लेकीला घिऊन ये. मी हाय हितं. दिवसभर काय करायचं मी तरी?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. सगुणाबाईंनी फोन ताईंच्या हातात दिला. "तिला नवा पत्ता दे गं बाई. नायतर ती जुन्या दाराशी जाऊन उभी ऱ्हाईल."

ताईंनी पत्ता सांगितला. रस्ता, इमारत, चौथा मजला. मग म्हणाल्या, "इथे सगळी दारं सारखीच आहेत. गोंधळू नकोस. ज्या दाराबाहेर फुटका लाल कॅरेट दिसेल ना, तेच आपलं घर."

मित्रांनो, घर बदललेत तर बँकेला कळवा, गॅसवाल्याला कळवा, पण जे तुमच्या दाराशी येऊन उभे राहतील, त्यांना कळवायला विसरू नका. आणि दाराबाहेरच्या जुन्या वस्तूवर अधूनमधून एखादे ओले फडके फिरवा. तीही कुणाची तरी वाट पाहत असते. सव्वा महिना अजून व्हायचा आहे. तोवर कृपा करून मला इथून हलवू नका.