खांद्याखालचा हात

रेवणसिद्ध सरांना धावता येत नव्हतं. लहानपणच्या कुठल्याशा आजारानं त्यांचा डावा पाय बारीक राहिला होता. तरी पंच्याऐंशी साली आमच्या कळंबच्या कॉलेजात खेळांचा चार्ज त्यांच्याकडंच आला. खेळाचे सर नोकरी सोडून लातूरला गेले होते, आणि नवा माणूस मिळेपर्यंत कुणीतरी सह्या करायला पाहिजे होतं. सर तत्त्वज्ञान शिकवायचे. त्यांच्या विषयाला चारच विद्यार्थी. तेव्हा त्यांना वेळच वेळ आहे, असं प्राचार्यांना वाटलं असावं.

मी मुलींच्या कबड्डी संघात होते. त्या साली पावसानं दगा दिला होता. मैदानावर मारायला पाणी कुठलं? माणसांनाच टँकर यायचा. जमीन तव्यासारखी कडक, आणि पकड केली की गुडघे-कोपरं सोलून निघायची. एका शनिवारी सरावानंतर सरांनी आमचे गुडघे बघितले आणि ते कळवळले.

"शनिवारी खेळू नका," ते म्हणाले. "लिंबाखाली बसा. मला खेळ शिकवता येत नाही. मला जे येतं ते करू."

त्यांना प्रश्न विचारता यायचे. पहिल्या शनिवारी त्यांनी विचारलं, "मधली रेष चुन्यानं आखता. पायानं चुना पुसला गेला, तर रेष आहे की नाही?"

आम्ही हसलो. मग भांडलो. एक म्हणाली, पुसली तर गेली. दुसरी म्हणाली, आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे ना कुठं होती, मग आहे. सर मान तिरकी करून ऐकत राहिले. ते उमरग्याकडचे, घरी कानडी बोलणारे, त्यामुळं मराठी जपून बोलायचे. उत्तर त्यांनी कधीच दिलं नाही. दोघी-तिघी पुढच्या शनिवारपासून यायच्या बंद झाल्या. मी जात राहिले. घरी भाकरी थापतानासुद्धा माझ्या डोक्यात ती पुसलेली रेष असायची.

डिसेंबरात आमचा शेवटचा सामना तुळजापूरच्या मुलींशी झाला. आम्ही एका गुणानं पुढं होतो आणि मिनिटभर राहिलं होतं. त्यांची पार्वती नावाची उंच मुलगी चढाईला आली. परत जाताना तिनं मागं हात टाकला आणि तिचं बोट माझ्या कोपराला लागलं. नुसतं बोटाचं टोक. पंच तिच्या पायाकडं बघत होते. तिनं हात वर केला, "लागलं" म्हणाली. पंचांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. गुण दिला नाही, आणि आम्ही जिंकलो. मैत्रिणींनी मला उचललं, गुलाल लावला. घरी आईनं ओवाळलं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पुढच्या शनिवारी मी सरांना विचारलं, पण आपलं म्हणून नाही. "सर, एखाद्या खेळाडूला स्पर्श झाला आणि पंचांना दिसलाच नाही, तर ती बाद झाली का?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं असावं. पण म्हणाले एवढंच, "घरी कुणी खेळलेलं असेल तर त्यांना विचार. जो खेळला नाही त्यानं उत्तर देऊ नये."

आमच्या घरी खेळलेला माणूस होता. माझे वडील बब्रुवान, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, तरुणपणी पंचक्रोशीतले नाव असलेले पैलवान होते. मी जन्मायच्या आधीच त्यांनी कुस्ती सोडली होती. कान तेवढे मुडपलेले राहिले होते. आता ते शेती करायचे, बोलायचे कमी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बैलांना कडब्याची पेंढी सोडत होते. मी त्यांना तोच प्रश्न विचारला आणि मग माझी सगळी गोष्टही सांगितली. त्यांनी पेंढी अर्धी सोडून हातातच धरली.

"तू बाद झालीस, सत्या," ते म्हणाले, आणि बैलांकडं वळले. दुपारी ते जेवायलाही आले नाहीत. आई म्हणाली, "कशाला सांगितलंस? मनाला लावून घेतलं त्यांनी."

मी पार्वतीला तिच्या कॉलेजच्या पत्त्यावर पोस्टकार्ड लिहिलं. 'तुझं बोट माझ्या कोपराला लागलं होतं. मी गप्प बसले. चुकलं.' बाजाराच्या दिवशी ते दादांकडं पोस्टात टाकायला दिलं. दादा चौथी शिकलेले. अक्षर अक्षर लावून त्यांनी ते माझ्यासमोर वाचलं, खिशात घातलं, आणि निघाले.

दहा दिवसांनी पार्वतीचं उत्तर आलं. त्यात राग नव्हता. तिनं लिहिलं होतं, 'मला लागल्यासारखं वाटलं होतं. पण पंच नाही म्हणाले, सगळे नाही म्हणाले. बाई पण म्हणाल्या, उगीच हात वर करू नये. मग मला वाटलं, माझं बोटच खोटं बोलतंय. आता बरं वाटलं.'

दादांनी ते कार्डही वाचलं. 'माझं बोटच खोटं बोलतंय' या ओळीवर ते थांबले. परत पहिल्यापासून वाचलं. मग ओसरीवरच्या खांबाला पाठ लावून बसले.

"उद्या वाशीला जायाचं," ते म्हणाले. "तू पण चल."

"कुणाकडं, दादा?"

"मच्छिंद्रकडं."

हे नाव मी घरात कधी ऐकलं नव्हतं. आईनं मात्र ऐकलं असावं, कारण तिनं पदर सावरला आणि काही विचारलं नाही.

वाशी आमच्याच जिल्ह्यातली. एसटीत दादांनी मला सांगितलं. त्रेसष्ट सालची गोष्ट. भूमच्या बाजूला एका जत्रेत शेवटची कुस्ती दादांची आणि मच्छिंद्रची लागली होती. मच्छिंद्र बौद्धवाड्यातला. धर्म बदलून सात वर्षं झाली होती, तरी कुस्तीच्या हौद्याभोवतीचे लोक त्याला जुन्या जातीच्या नावानंच हाका मारत होते. गावातली मोठी माणसं दादांच्या कानाशी लागली होती की, काहीही होऊ दे, त्याच्याकडून पडून येऊ नकोस.

"लई ताकदीचा गडी," दादा म्हणाले. "अर्धा तास झाला, कुणी कुणाला आटपना. शेवटाला म्या त्याला खाली आणला. एक खांदा टेकला. दोन्ही टेकल्याबिगर चितपट न्हाय. दुसऱ्याखाली माझा हात अडकला होता. मातीला तो खांदा लागलाच न्हाय, सत्या. माझ्या हाताला लागला. पंच पल्याड उभे होते. त्यांनी चितपट दिली. हलगी वाजली, लोक आत शिरले, मला खांद्यावर घेतलं."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"न्हाय." ते खिडकीबाहेर बघत होते. शेतं करपून पांढरी पडली होती. "फेटा बांधून घेतला. त्यानं वर माझ्याकडं बघितलं. काय बोलला न्हाय. पुढच्या साली मी कुस्ती सोडली. लोकांना सांगितलं, गुडघा दुखतो."

वाशीत सहकारी संघाच्या गोदामावर मच्छिंद्र मुकादम होते. दुष्काळाचं सरकारी धान्य आलं होतं, हमाल पोती उतरवत होते. दारात एक रुंद पाठीचा माणूस उभा होता. केस पांढरे, कान दादांसारखेच मुडपलेले. दोघांनी एकमेकांना लगेच ओळखलं. दादांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"माझी लेक. कॉलेजात हाय."

"ये की," मच्छिंद्रकाका म्हणाले. "उन्हातनं आलाव. घरी चला."

घर जवळच होतं. पत्र्याचं, समोर सारवलेलं. काकांच्या बायकोनं, सुमनबाईंनी, पाणी आणलं. दादांना बौद्धवाड्यातल्या कुणाच्या घरी पाणी पिताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पाणी प्यायलं, तांब्या खाली ठेवला आणि तांब्याकडं बघतच बोलले.

"मच्छिंद्र, त्या कुस्तीत माझा हात तुझ्या खांद्याखाली होता. तू पडला न्हवतास."

सुमनबाई चहाचं आधण ठेवत होत्या. त्यांचा हात थांबला.

काकांचा हात आपल्या खांद्यावर गेला. मग म्हणाले, "मला म्हाईत हाय. खांदा माझाच व्हता न्हवं."

दादांची मान आणखी खाली गेली.

"पाच-सात वरसं वाट बघितली तुझी," काका म्हणाले. आवाजात चिडणं नव्हतं, पण गोडवाही नव्हता. "वाटायचं, येईल. सांगंल. मग सोडून दिलं. पडल्याचं काय न्हाय बब्रुवान, गडी पडतोच. पण मी पडलोच न्हवतो. माझ्या बापानं सोता बिनमिठाची भाकरी खाऊन मला खुराक घातला व्हता. त्याला सांगितलं, खांदा टेकला न्हाय. तर तो म्हणला, पडलेला गडी असंच म्हणत असतो. तसाच गेला तो. ते आता तुला नीट करता येत न्हाय, आन मलाबी न्हाय."

"व्हय," दादा म्हणाले. एवढंच.

चुलीपाशी सुमनबाई उभ्या राहिल्या. नवऱ्याकडं बघून त्यांनी हळूच विचारलं, "म्हंजे तुमी खरंच पडला न्हवता?"

काकांनी चमकून बघितलं. "तुला तरी सांगितलं व्हतं की. लगीन झालं त्याच वरसाला."

"सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या. "म्या वरवर हो म्हणले. मनात म्हणले, बापय माणूस हाय, हरल्याचं लागलं आसंल." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतकी वरसं मी तुमचं मन राखत व्हते. तुमी तर खरं बोलत व्हता."

काका हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. त्यांनी गळ्यातल्या उपरण्यानं तोंड पुसलं, दोनदा पुसलं. सुमनबाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या, अगदी खांद्याला खांदा लावून, पाहुण्यांसमोर बायका बसत नाहीत तशा. चहाचं पाणी उकळत राहिलं. शेवटी मीच उठून त्यात साखर आणि पत्ती टाकली.

चहा झाल्यावर काका बायकोकडं बघत म्हणाले, "हिच्यासमोर बोललास, बरं झालं. गोदामावरबी बोलशील? तिथं माझ्याच गल्लीतली पोरं हायत. त्यांनी बापाकडनं ऐकलंय, मच्छिंद्र कसा पडला ते."

मी दादांकडं बघितलं. अनोळखी माणसांत उभं राहून आपली चोरी सांगायची म्हणजे काय, हे मला त्या वेळी नीट कळलं. कार्डावर लिहिणं सोपं होतं. दादांनी पायांत वहाणा घातल्या.

गोदामाच्या सावलीत सात-आठ हमाल भाकरी खात बसले होते. दादांनी टोपी काढून हातात घेतली आणि सांगितलं, जसं एसटीत मला सांगितलं होतं तसंच. कुठला खांदा, कुठला हात, पंच कुठं उभे होते, सगळं. दोघं-तिघं हसले. एकजण मात्र खाताखाता थांबून काकांकडं बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "मग जिंकलं कोण म्हणायचं?"

दादा काकांकडं बघायला लागले.

"कुणीच न्हाय," काका म्हणाले. "पंचांनी मदीच थांबवली. नायतर रंगली व्हती ती. अशी कुस्ती मला पुन्यांदा गावली न्हाय." आणि मग दादांना म्हणाले, "तुला गावली का?"

"न्हाय," दादा म्हणाले. "तुझ्यासारखा गडीच गावला न्हाय."

ते दोघं मग भिंतीला टेकून त्या कुस्तीबद्दल बोलत बसले. कुणी कधी पट काढला, कुणाचा श्वास कधी लागला. बोलताना एकमेकांचं मनगट धरून डाव दाखवत होते. दादांना इतकं बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं. काकांनी माफ केलं असं काही म्हटलं नाही, दादांनी मागितलंही नाही. निघताना सुमनबाईंनी माझ्या ओटीत मूठभर भुईमुगाच्या शेंगा घातल्या. त्या साली शेंगा म्हणजे सोन्यासारख्याच.

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी दादा वाशीला जायचे, नाहीतर काका आमच्याकडं यायचे. काका पहिल्यांदा आले त्या दिवशी आईनं सगळ्यांच्या पंगतीत त्यांचं ताट मांडलं. शेजारची माणसं आठ दिवस तेच बोलत होती. मी पुढच्या वर्षी रेवणसिद्ध सरांचा विषय घेतला आणि त्यांच्या वर्गात आम्ही पाच जणं झालो.

पण त्या दिवशी परतीच्या एसटीत हे काहीच ठाऊक नव्हतं. गाडीत गर्दी होती, आम्हाला शेवटच्या बाकावर जागा मिळाली. दादा डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, झोपले. येरमाळा मागं पडल्यावर ते डोळे न उघडताच म्हणाले,

"तुझं ते सर आणखी काय विचारतेत?"

मी म्हणाले, "परवा विचारलं, ज्याला आपण हरवायला निघतो, तो आपला वैरी असतो का?"

दादांनी डोळे उघडले आणि नीट सरळ बसले. "सांग," ते म्हणाले, "पोरी काय काय बोलल्या ते सगळं सांग."

मी सांगायला लागले.