एकोणपन्नास नाबाद

क्लबचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी शाळेत भूगोल शिकवते. शिकवणारी बाई काहीही लिहू शकते असा कमिटीचा समज आहे. 'गौरवशाली परंपरा' हे शब्द आलेच पाहिजेत, असंही त्यांनी बजावलं होतं. ते आत्ताच आले, मी मोकळी झाले.

क्लब काढला कारखान्याच्या थोरल्या मालकांनी. खेळाचं प्रेम वगैरे काही नव्हतं. कामगार रविवारी एकत्र जमून युनियनच्या गोष्टी करतात हे कानावर आल्यावर, त्यांना काहीतरी उद्योग लावून द्यावा म्हणून मालकांनी कारखान्यामागची पडीक जागा सपाट केली, दोन बॅटी आणल्या आणि फोटो काढून घेतला. युनियन त्याच वर्षी निघाली. चार माणसं दिवसभर शेजारी शेजारी उभी राहून कुजबुजणार आणि कुणाला संशयही येणार नाही, अशी स्लिपसारखी जागा त्यांना दुसरीकडे कुठे मिळाली असती? पहिल्या स्लिपला उभा राहायचा तोच पुढे युनियनचा पुढारी झाला. झेल त्याच्या हातून सर्रास सुटायचे, पगारवाढ कधी सुटली नाही.

मालक महाचिकट. भट्टी रविवारीही पेटलेली असायची, त्यामुळे दुपारच्या पाळीचा भोंगा झाला की खेळ जिथल्या तिथे थांबलाच पाहिजे, असा त्यांचा नियम. चेंडू हवेत असला तरी तो मेला. भोंग्यानंतर काढलेली धाव म्हणजे कंपनीच्या वेळेची चोरी. फलंदाजाची कामाची पाळी असेल तर त्याने बॅट ठेवून कामावर जायचं. त्याला म्हणायचं 'भोंगा-नाबाद'. पाळी सुटली की त्याने पुन्हा होता त्याच धावांवर खेळायला उभं राहायचं. बाहेरचे संघ यावर पोट धरून हसायचे. आमच्या लोकांच्या मात्र हे इतकं अंगवळणी पडलं होतं की घरी जेवतानाही भोंगा झाला तर घास हातातच थांबायचा.

माझे बाबा हॅमरखात्यात होते. तापलेल्या लोखंडावर दिवसभर हॅमर आदळायचा, तो ऐकता ऐकता त्यांचे दोन्ही कान कामातून गेले. घरात त्यांना बोलवायचं तर आई दिव्याचं बटण खाली-वर करते. मैदानावर जोडीदाराने घसा फोडून 'नको' म्हटलं तरी हे धावत सुटायचे आणि बाद होऊन, जोडीदाराकडे रागाने बघत परत यायचे. उभ्या आयुष्यात त्यांच्या पन्नास धावा कधी झाल्या नाहीत.

एकदाच होणार होत्या. हॅमरखातं विरुद्ध ऑफिस असा वर्षाचा सामना होता. जिंकायला एक धाव हवी होती, बाबा एकोणपन्नासवर खेळत होते आणि गोलंदाज चेंडू टाकायला धावू लागला तेवढ्यात भोंगा झाला. सगळे थांबलेले पाहून बाबा बॅट ठेवून कामावर गेले. त्याच पाळीत मालकांच्या मुलाने सगळ्यांना आवारात बोलावून कारखाना बंद झाल्याचं सांगितलं. पाळी सुटलीच नाही, मोडली. तेव्हापासून बाबांचं नाव एकोणपन्नास. किराणावालाही त्यांना त्याच नावाने हाक मारतो, अर्थात त्यांना ती ऐकू येत नाही.

हिशोब मिटवताना पुढाऱ्याने एक गंमत केली. हा सामना संपेपर्यंत मैदान क्लबकडे राहील, अशी अट त्याने करारात घालून घेतली. मालकांचा मुलगा हसला आणि त्याने सही केली. त्याला वाटलं, पुढच्या रविवारी संपेल. आमचे लोक तो सामना सोडून बाकी सगळे सामने खेळले, आणि बाबांना सक्त ताकीद होती की ती एक धाव काढायची नाही. सगळ्यांच्या मैदानासाठी एकट्याने झुरायचं, हे मला कधीच पटलं नाही. हा माणूस स्वयंपाकघरात लाटणं हातात घेऊन तो एक चेंडू खेळत बसायचा. आई म्हणायची, पोळ्या करू की तुमची धाव होऊ देऊ?

मग कारखान्याची जागा गोदामवाल्या कंपनीने घेतली. त्यांना मैदान ट्रक उभे करायला हवं होतं. करारातली अट त्यांच्यावरही बंधनकारक होती, म्हणून सामना संपवण्याच्या बदल्यात नव्या मॅनेजरने क्लबला वातानुकूलित खोली, दोन कॅरम बोर्ड आणि गुबगुबीत खुर्च्या देऊ केल्या. गुडघे गेलेल्या कमिटीने खुर्च्यांचं नाव ऐकलं आणि मान डोलावली. शिवाय बाबांचं हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, मरायच्या आधी म्हाताऱ्याचे पन्नास होऊ देत, असं सगळ्यांनाच वाटलं. मलाही वाटलं. मैदान गेलं खड्ड्यात, असं मी चक्क बोलून दाखवलं. बाबांनी बूट पांढरे केले, वाळवले आणि पुन्हा पांढरे केले.

सामन्याला अख्खी वस्ती लोटली. मॅनेजर टाय लावून आला होता. त्याने कारखान्याचा जुना भोंगा भंगारातून शोधून, रंगवून आणला होता. विजयी धाव झाली की तो मानवंदना म्हणून वाजवणार होता. गोलंदाजाच्या टोकाला, पंचांच्या बरोबर मागे सीमेबाहेर टेबल मांडून त्यावर लाल बटण ठेवलं होतं. पंच होते आमचे गेटवाले काका. त्यांनी आयुष्यभर कारखान्याच्या गेटवर उशिरा येणाऱ्यांना अडवलं, आणि रविवारी मैदानात उरलेल्यांना.

चेंडू आला. बाबांनी तो हळूच बाजूला ढकलला आणि ते धावत सुटले. धावत म्हणजे आपण बस पकडायला जातो तितपत. अडवणारा क्षेत्ररक्षक त्यांच्याहून थकलेला होता, त्यामुळे धोका काहीच नव्हता. मॅनेजरला क्रिकेटचा गंध नाही. चेंडू बॅटला लागला म्हणजे धाव झाली, असं समजून त्याने बटण दाबलं.

तो भोंगा पूर्वीपासून असाच होता. बटण दाबलं की आधी घसा खाकरायचा, मग बऱ्याच वेळाने ओरडायचा. तो अजून खाकरतच होता आणि बाबा रेषेच्या एक पाऊल अलीकडे थांबले. मला वाटलं, हृदय. मग भोंगा ओरडला, आणि मैदानावरचे सगळे म्हातारे होते तिथे उभे राहिले. क्षेत्ररक्षकाने हातातला चेंडू गवतावर ठेवून दिला.

गेटवाल्या काकांनी हात वर केला. "मेला चेंडू. भोंगा-नाबाद."

मॅनेजर धावत मैदानात आला. ही मानवंदना होती, खरा भोंगा नव्हे, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. शेवटी त्याने विचारलं, मग आता सामना पुढे कधी?

"पाळी सुटली की," काका म्हणाले.

"कसली पाळी? कारखाना कुठाय?"

"ते तुमचं तुम्ही बघा. भोंगा तुम्ही वाजवलात."

पुढारी खाली बसून इतका हसला की त्याला उठवायला दोघं लागले. मला मात्र हसू येईना. मी भयंकर चिडले होते.

घरी आल्यावर बाबा खुर्चीत बसून बुटाची नाडी सोडत होते. मी दिव्याचं बटण दोनदा खाली-वर केलं. त्यांनी वर पाहिलं.

"तुम्ही भोंगा ओरडायच्या आधीच थांबलात," मी तोंड नीट उघडून म्हणाले. "का?"

"साहेबाचं बोट दिसलं बटणावर."

"पण वेळ होता बाबा. एक पाऊल होतं. पन्नास झाले असते."

"झाले असते," ते म्हणाले. "मग पुढच्या रविवारी सगळे गेले असते कुठे? कॅरम खेळायला?"

आई म्हणाली, म्हणजे दर रविवारी हे ध्यान मलाच सांभाळायला लागलं असतं. ती ते त्यांच्या पाठीमागून म्हणाली, त्यामुळे त्यांना ऐकू आलं नाही. ते नाडीच्या गाठीकडे बघत राहिले.

"किती जवळ होती गं ती रेष," ते म्हणाले, आणि त्यांना रडू आलं.

आईने उठून दिवा बंद केला.