माझ्याच पुढ्यात झालेला सत्कार

मित्रांनो, मी एक जुना हिरवा पडदा आहे. खिडकीचा नव्हे, दवाखान्यातला. लोखंडी नळ्यांचा, तीन पल्ल्यांचा, रुग्णाला तपासताना मध्ये उभा करतात तसा. आज धुळ्याबाहेरच्या एका बंद सूतगिरणीच्या गोदामात भिंतीला टेकून उभा आहे. उंदरांनी माझ्या कापडाची पार झालर करून टाकली आहे. चाके मात्र अजून फिरतात. त्यातले एक पहिल्या दिवसापासून कुरकुरते, ते आजही कुरकुरते.

माझा जन्म धुळ्यातल्याच एका वेल्डिंगच्या दुकानातला. नळ्या वाकवल्या, जोडल्या, वर हिरवे जाड कापड चढवले, आणि हातगाडीवरून वाजतगाजत, म्हणजे त्या एका चाकाच्या कुरकुरीसकट, मी गिरणीच्या नव्या दवाखान्यात आलो.

गिरणीचे मालक रुपचंदशेठ मनाने चांगले होते. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचे ऐकून तुम्ही त्यांना राक्षस समजाल. (नावे मी सगळ्यांचीच बदलली आहेत. पडद्याला तेवढे कळायला हवे.) कापसाच्या तुसाने कामगारांच्या छात्या भरतात हे त्यांना बघवत नसे. म्हणून १९८६ च्या सुमारास त्यांनी कामगारांसाठी आरोग्य योजना काढली. दर गुरुवारी डॉक्टर येणार, सगळ्यांची तपासणी फुकट, औषधे फुकट. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी माझ्यावर हात ठेवून सगळ्यांना शब्द दिला, की इथे बोललेले या पडद्याबाहेर जाणार नाही. तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता!

लाजत, संकोचत माणसे येऊ लागली. बाहेर मिशीला पीळ देणारे आत येऊन मुळूमुळू रडत. एकदा खुद्द रुपचंदशेठ आले होते. कंपाउंडरला बाहेर घालवले, माझे पल्ले स्वतः ओढून घट्ट लावले आणि डॉक्टरांना शपथ घातली, की घरी शेठाणीलासुद्धा कळता कामा नये. कशासाठी आले होते? ते मी सांगणार नाही.

सुताची रिळे भरणाऱ्या खात्यात सुगंधाबाई नावाची एक बाई होती. नवरा नव्हता, एकच लेक. लेकीची सोयरीक सोनगीरला जमली होती. नवरा मुलगा म्हणजे याच गिरणीतल्या मुकादमाचा, उखर्डूचा पुतण्या. दसरा झाला की लग्नाचा बार उडवायचा ठरले होते. सुगंधाबाईला क्षय निघाला तो त्या दसऱ्याच्या आदल्या वर्षी. डॉक्टरांनी सांगितले तेव्हा तिने माझी नळी गच्च धरली.

"मरन उनं तरी चाली, डाक्टर," ती म्हणाली. "पन कोनले सांगू नका. पोरनं लगीन शे."

डॉक्टरांनी पुन्हा शब्द दिला. मग रोज कामावर चढण्याआधी ती माझ्यामागे येई, डॉक्टरांनी ठेवलेल्या गोळ्या घेई, पदराने तोंड पुसे. कुणी विचारले तर म्हणे, डोके धरते हो फार. वर्ष सरता सरता डॉक्टर म्हणाले की आजार पूर्ण गेला, आता कुणाला लागायची भीती नाही. तिने माझ्याच कापडात डोळे पुसले.

आता ऐका कसा घात झाला. खंडेनवमीला गिरणीत यंत्रांची पूजा असते. यंत्रांना झेंडूच्या माळा, मग पटांगणात भाषण, मग पेढे. शेठना सत्कारांची भारी हौस. त्या वर्षी त्यांना वाटले, आपल्या योजनेचे यश लोकांना दिसायला नको का? त्यांनी डॉक्टरांना विचारले, बरे कोण कोण झाले. डॉक्टरांनी सांगून टाकले. पगार शेठच देत होते, आणि विचारत होते ते चांगल्याच कामासाठी.

व्यासपीठामागची भिंत पोपडे आलेली. ती झाकायला मला बाहेर काढले. माझ्यावर कापसाची अक्षरे टाचली: 'निरोगी कामगार, निरोगी गिरणी'. मी आपला नटूनथटून उभा. समोर सगळी गिरणी बायकापोरांसह बसलेली, त्यातले निम्मे कधी ना कधी माझ्यामागे येऊन गेलेले. तंबाखू सोडल्याबद्दल वना हमालाला नारळ मिळाला. टाळ्या झाल्या.

मग शेठ म्हणाले, "आता सगळ्यात आनंदाची बातमी. आपल्या सुगंधाबाईंचा क्षय आपल्या दवाखान्यात मुळापासून बरा झाला. त्यांना साडीचोळी!"

दोन-तीन टाळ्या वाजल्या आणि विरल्या. जे मी वर्षभर झाकले, ते माझ्याच पुढ्यात, माझ्यावर अक्षरे टाचून उघडे केले होते. तिच्या शेजारच्या बाईने आपले मूल पुढे ओढून मांडीवर घेतले. उखर्डूने टोपी नीट केली.

सुगंधाबाई उठून वर आली. साडीला तिने हात लावला नाही.

"मना आजार मना व्हता, शेठ," ती म्हणाली. "तुम्ही तो पेढासंगे बठ्ठासले वाटी दिन्हा."

शेठ खरोखर गोंधळले. "अहो, पण तुम्ही बऱ्या झालात ना?" त्यांनी विचारले.

दुसऱ्याच दिवसापासून खात्यातल्या माठावर तिच्यासाठी वेगळा पेला आला. पोरगा एवढ्यात लग्नाला तयार नाही, असा उखर्डूने निरोप धाडला. सोयरीक मोडली. पुढच्या गुरुवारी डॉक्टर येऊन बसले, मी उभा राहिलो, आणि एकही माणूस आला नाही. अख्खी गिरणी एका आठवड्यात ठणठणीत झाली होती. शेठ बुचकळ्यात पडले. मला मात्र खिडकीतून खोकले ऐकू येत होते.

त्यातला एक उखर्डूचा होता. तोंडात लवंग धरून तो ढास दाबी, भिंतीआड जाऊन खोकून येई. होळीपर्यंत त्याचे गाल बसले. बघणारे बघत होते, पण तोंड कोण उघडणार?

एका गुरुवारी दार ढकलून सुगंधाबाई आत आली. मागे उखर्डू, मान खाली घातलेला.

"हाऊ खोकला मी वयखस, नाना," ती उखर्डूला म्हणाली. तिच्या ओळखीचाच होता तो. "आत चाला. तुम्हना घरमा लहान पोरे शेतस. मी दारमा उभी ऱ्हास, कोनी येवाव नही."

तिने कुरकुरत मला ओढले, त्याच्याभोवती नीट लावले, आणि आमच्याकडे पाठ करून दारात उभी राहिली. ज्याने तिच्या लेकीची सोयरीक मोडली, त्याच्यासाठी. डॉक्टरांनी उठून खिडकी लावून घेतली.

संध्याकाळी शेठ आले आणि त्यांनी डॉक्टरांना विचारले, उखर्डू कशाला आला होता? डॉक्टरांनी बॅग आवरायला घेतली. घरी निघालेली सुगंधाबाईच दारातून म्हणाली, "पाय मुरगयना त्यासना."

लेकीचे लग्न पुढे चोपड्याकडे झाले असे ऐकतो. गिरणी बंद पडली आणि मी इथे आलो. मला नवे कापड नको, रंग नको. एवढेच मागतो, की कुणी विश्वासाने सांगितलेले तुम्ही चांगल्या हेतूनेसुद्धा चारचौघांत उघडू नका. आणि त्या गुरुवारी माझ्यामागे डॉक्टर उखर्डूला काय म्हणाले, ते मला विचारू नका. त्याचा पाय मुरगळला होता.