कोठार जळाले तेव्हा मी मर्थाच्या हातात होते

मी एक जुनी लोखंडी सळई आहे. सध्या एन्ना गावच्या पडक्या तटातल्या एका फटीत रुतून बसले आहे. गंजाने निम्मी खाल्ली आहे मला. मित्रांनो, लोखंडाला कसला आलाय धक्का, असे तुम्ही म्हणाल. मलाही तसेच वाटायचे.

दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिराक्यूजच्या एका लोहाराने मला मांस भाजण्यासाठी घडवले आणि त्याच सिसिली बेटावरच्या फिलिनोस नावाच्या बड्या जमीनदाराने विकत घेतले. त्याच्या मुदपाकखान्यात मर्था राबायची. सीरियातून पकडून आणलेली गुलाम बाई. हात असा हलका, की बोकड भाजताना चरबीचा थेंब वाया जात नसे. पाहुणे बोटे चाटत आणि वाहवा करीत, ती मात्र धन्याची! मर्था मला राखेने घासून लख्ख ठेवी. मला माझ्या कामाचा अभिमान होता.

एका मेजवानीला मर्थाचा भाऊ झब्दा, तोही फिलिनोसचाच गुलाम, शेळ्या घेऊन दारात आला. पोटात अन्न नव्हते. त्याने परातीतला एक तुकडा उचलून तोंडात टाकला. नेमके ते फिलिनोसने पाहिले.

"डागणी आणू का, धनी?" मुकादमाने विचारले.

"कशाला? ही सळई तापलेलीच आहे की!"

झब्दाच्या कपाळाचे कातडे माझ्याखाली चरचरले. मर्थाने पदर तोंडात कोंबला. पाहुण्यांपैकी एकाचाही घास हातात थांबला नाही. मित्रांनो, मला भाजणे शिकवले होते, पण हे नव्हते शिकवले.

पुढच्या सुगीत गुलाम उठले. कोयते, कुऱ्हाडी, सोटे, जे हाताला लागेल ते घेऊन. भर दुपारी मर्थाने मला चुलीवरून ओढले. फिलिनोस तेलाच्या रांजणांमागे दडला होता.

"मर्थे, अगं, तुझ्या हातचं खाल्लंय मी!"

"खाल्लंस ना? मग झालं तर."

त्याच हलक्या हाताने तिने मला त्याच्या छातीत खुपसले. मी हादरून गेले.

गुलामांनी घर लुटले, पण धान्याच्या कोठाराला हात लावला नाही. "हे आता आपल्या पोटाचं आहे," झब्दाने बजावले. मर्था मला घेऊन दाराशी उभी राहिली.

तेवढ्यात पलीकडच्या वाडीतला सोसिस पलिते घेतलेला जमाव घेऊन आला. तो गुलाम नव्हता, कफल्लक होता. त्याचे शेत फिलिनोसने गिळले होते. मर्था कैकदा त्याला मागच्या दाराने भाकर देत असे.

"सोसिसदादा, पोती ने. मी उचलू लागते. आग तेवढी नको."

"गुलामांकडून भीक घेऊ होय?"

"मग इतकी वर्षं काय घेत होतास?"

सोसिस गोरामोरा झाला. "मला धान्य नकोच आहे. जळताना बघायचंय."

माझे टोक त्याच्या गळ्याला टेकले होते. मर्थाने हात खाली घेतला. पलिता आत पडला. वर्षाचा गहू डोळ्यांदेखत पेटला. जमाव माघारी जाताना ओरडत गेला, "गुलामांनी जाळलं हो, गुलामांनी जाळलं!"



मग बंड मोडायला रोमचे सैन्य आले आणि आम्ही एन्नाच्या तटाआड शिरलो. एन्नाला वेढा पडला. आत आम्ही होतो आणि आमच्यासारखाच अडकलेला सोसिसही, त्याच्या लहान मुलीसह. गावात उंदीरसुद्धा उरले नाहीत. मर्थाने मूठभर जव माझ्या टोकाने ढवळत भाजले आणि त्यातले अर्धे त्या मुलीच्या ओंजळीत घातले.

"त्याच्या पोरीला देतेस?" झब्दा किंचाळला. "कोठार कुणी जाळलं, विसरलीस?"

"पोरीनं काय जाळलंय रे?"

सोसिस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याची पाठ हलत होती.

सैनिक आत शिरले तेव्हा मर्थाने मला या फटीत खोचले आणि मुलीला कडेवर घेऊन ती पळाली. पुढे काय झाले, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, मला बाहेर काढून घासूनपुसून ठेवा, असे मी म्हणणार नाही. दारात कोणी उपाशी आले, तर त्याला आधी जेवू घाला. तो कोण, कुणाचा, हे मागाहून विचारा.