छातीएवढं पाणी चढवणारा

मी पंप. बंगळूरच्या जयनगरातल्या एका घरात, माशांच्या टाकीखालच्या कपाटात, काचेच्या पेटीत बुडून असतो. वरच्या टाकीतलं पाणी नळीतून खाली पेटीत येतं, तिथे गाळलं जातं, आणि मी ते परत वर चढवतो. एवढंच काम. पण ते थांबून चालत नाही. बोलायची मला सवय नाही. आज बोलतो, कारण आज माझा मान झाला.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. शुद्धीवर आलो तो मंजुनाथच्या माशांच्या टाक्यांच्या दुकानातल्या फळीवर. डावीकडे माझा धाकटा भाऊ, उजवीकडे थोरला. थोरल्याच्या खोक्यावर मोठा आकडा छापलेला. येणारा प्रत्येकजण आधी त्याच्याकडे बघायचा. माणसांना मोठा आकडा आवडतो. मी मधला, धूळ खात बसलो. कुरकुर केली नाही.

एका सकाळी हणमंतराव आले. पांढरा शर्ट, हातात छत्री, कपाळावर आठी. जन्म भांड्यांच्या दुकानात गेलेला. आता दुकान मुलगा बघतो. मागून त्यांची सून मुग्धा आली. ती पुण्याची. लग्नाआधी कोरमंगलात पीजीत राहायची, तिथे तिने चार गोल्डफिश वाढवले होते. ते अजून मैत्रिणीकडेच होते. टाकी घरात येऊ द्यायला हणमंतरावांनी अट घातली होती, ती त्यांनी दुकानात पुन्हा ऐकवली.

"जमिनीवर एक थेंब दिसला, तर टाकी त्याच दिवशी मैत्रिणीकडे."

"हो अण्णा," मुग्धा म्हणाली. अट कशासाठी होती तेही तिला ठाऊक होतं. घरात जुनी लाल गुळगुळीत फरशी. मागच्या वर्षी सासूबाई, भागीरथीबाई, ओल्या फरशीवरून घसरल्या आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं. तेव्हापासून हणमंतराव फरशीकडे पहारेकऱ्यासारखे बघत.

त्यांनी थोरल्याचं खोकं उचललं. "हा द्या. मोटारीत ताकद पाहिजे."

मंजुनाथ हसला. "यजमानरे, आकडा सपाटीवरचा असतो. पाणी जितकं उंच चढवाल तितकी ताकद कमी होते. तुमच्याकडे खालच्या पेटीपासून टाकीच्या काठापर्यंत उंची किती?"

मुग्धा मोबाईलमध्ये शोधू लागली. हणमंतरावांनी हात छातीला लावला. "इथवर."

मंजुनाथने टेप काढली आणि त्यांना भिंतीशी उभं करून मोजलं. पोलीस भरतीला आल्यासारखे ते ताठ उभे राहिले. मुग्धा ओठ दाबून दुसरीकडे बघत होती.

मग परीक्षा झाली. एक बादली, एक नळी. नळीचं तोंड हणमंतरावांच्या छातीशी धरलं. धाकट्याचं पाणी पोटापर्यंत चढलं आणि दमलं. थोरल्याने छतावरच्या पंख्याला आंघोळ घातली.

"याने मासे धुतल्या कपड्यांसारखे फिरतील," मुग्धा म्हणाली.

मग मी. नळीतून सरळ, शांत धार निघाली आणि हणमंतरावांच्या खिशात पडली. त्यांनी खिसा पुसला नाही. वाकून बादलीला कान लावला.

"बोलत नाही हा. सरी, ठीक आहे. हाच घ्या."

त्या क्षणी कळलं, आम्ही दोघं एकाच वळणाचे.

टाकी आली, मासे आले. मुग्धाने खालची पेटी मुद्दाम थोडी रिकामी ठेवली. घर रमलं. भागीरथीबाई दुपारी माशांसमोर खुर्ची टाकून शेंगा सोलत बसत. "तुमच्यापेक्षा हे बरे, माझं ऐकून तरी घेतात," असं नवऱ्याला सुनावत. हणमंतराव पेपरमागून नुसतं "हं" म्हणत. पण पेपर हळूहळू टाकीच्या दिशेने सरकत होता.

घोळ त्यांच्या दोन सवयींनी केला. या गावात पाणी रोज येत नाही. आलं की लोक हंडे, बादल्या, पिंप, सगळं काठोकाठ भरतात. भांड्यांच्या दुकानदाराला तर अर्धं भांडं बघवतच नाही. दुसरी सवय: घराबाहेर पडताना मोटार बंद केल्याशिवाय कुलूप लावायचं नाही.

त्या दिवशी हेब्बाळला नात्यात बारसं होतं. मुग्धा रिक्षा बोलवायला बाहेर गेली. हणमंतरावांनी कपाट उघडलं. अर्धवट पेटी बघून त्यांना सुनेची दया आली. तिनेच भरून ठेवलेल्या बादलीतलं पाणी ओतून त्यांनी पेटी गळ्यापर्यंत भरली. हात झटकले, आणि बटण बंद केलं.

मी थांबलो. वर चढलेलं पाणी घरी परतल्यासारखं खाली आलं. त्याच्यासाठी राखलेली जागा भरलेली होती. मग ते दाराकडे निघालं. मला दिसत होतं. मला हात नाहीत.

परत आले तेव्हा पाणी उंबऱ्याला टेकलं होतं. मासे वर सुखरूप होते, टाकीचा फक्त वरचा थर उतरला होता. मुग्धाने भागीरथीबाईंचा दंड धरला. "आई, आत नका येऊ." तिचा चेहरा पडला होता. "मैत्रिणीला फोन करते, अण्णा. अट ती अट."

तिने कपाट उघडलं आणि तिथेच थांबली. "पेटी कोणी भरली?"

हणमंतरावांनी छत्री खुंटीला लावली. "मी. अर्धी होती."

"ती रिकामी जागा ठेवलेली असते, अण्णा. पंप थांबला की वरचं पाणी तिथे येतं. पण पंप थांबलाच कसा?"

"घरात माणूस नसताना मोटार चालू ठेवतात?"

मग दाराबाहेरून भागीरथीबाई म्हणाल्या, "अट ती अट. कोणीतरी घराबाहेर जायला पाहिजे. माशांनी तर काही केलेलं नाही. तुमची बॅग भरू का?"

मुग्धा आधी हसली. आवरायला गेली आणि जास्तच हसली. हणमंतराव आत गेले. जुनं धोतर घेऊन आले, गुडघे टेकले आणि फरशी पुसायला लागले. त्या घराने त्यांच्या हातात फडकं कधी बघितलं नव्हतं. कोपऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत पुसली. मग बायकोकडे हात केला. "ये आता. कोरडी आहे. स्वल्प सावकाश."

त्या संध्याकाळी त्यांनी लाल रंग आणून पेटीच्या काचेवर बाहेरून एक रेघ ओढली. "याच्या वर थेंब नाही. कोणी भरला तर माझ्याशी गाठ आहे." कोण भरणार होतं, ते कोणी विचारलं नाही.

तेव्हापासून बाहेर पडताना त्यांचा हात बटणापर्यंत येतो. थबकतो. कपाटावर थाप मारून परत जातो.

आज आयुधपूजा. स्कूटरला झेंडू, चाकांखाली लिंबं, मिक्सरला, शिलाई मशीनला हळदकुंकू. आज यंत्रांना सुट्टी, सगळी बंद. मुग्धाने माझ्या बटणाकडे हात नेला. "अण्णा, पूजेपुरता थांबवू?"

"नको," हणमंतराव म्हणाले. "वर चौघांना श्वास घ्यायचाय."

मी पाण्यात, म्हणून कुंकू माझ्या बटणाच्या पाटीला लावलं. फूल कपाटाच्या कडीला अडकवलं. सगळं घर थांबलेलं असताना मी एकटा चालत होतो. याहून मोठा मान मला नको.

तुम्ही कधी माझ्यासारखा कोणी निवडायला गेलात, तर खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. आधी उंची मोजा. पेटीत थोडी जागा मोकळी सोडा, खाली येणाऱ्याला घर लागतं. आणि बटण दाबायच्या आधी घरातल्या कोणाला तरी विचारा.

बास. फार बोललो. वर मुग्धा पाणी बघतेय.