म्हणे खुर्चीच डुगडुगते!

मी एक जुनी खुर्ची आहे. मानसोपचाराच्या दवाखान्यातली, पेशंटने बसायची. मित्रांनो, माझ्याविषयी तुमच्या कानावर काही आलं असेल, तर ते साफ खोटं आहे. माझा एक पाय किंचित आखूड आहे खरा, कारण सुताराला घरी जायची घाई होती. पण त्याखाली पुठ्ठ्याची घडी आहे. ती आहे तोवर मी जागची हलत नाही.

डॉक्टरांच्या टेबलासमोर माझ्या शेजारी एक गादीची खुर्ची होती, नातेवाइकांसाठी. प्रश्न सगळे तिच्यावरच्या माणसाला. हा झोपतो का, जेवतो का, याला भास होतात का? आजारी माणूस माझ्यावर बसून स्वतःचं दुखणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा. मला या प्रकाराची चीड होती आणि आजही आहे.

एक घड्याळं दुरुस्त करणारा त्याच्या थोरल्या भावाबरोबर यायचा. त्याला घड्याळांतून कुणीतरी शिव्या देताना ऐकू यायचं. नव्या गोळीने ते आवाज थांबले. पण पुढच्या खेपेला तो माझ्यावर टेकला न टेकला तोच उठला. पुन्हा बसला, तर पाय असे चालू की माझे सांधे करकरले. आधी हाच माणूस माझ्यावर दगडासारखा बसायचा!

थोरल्याने गाऱ्हाणं सुरू केलं. हा घरभर येरझाऱ्या घालतो, कामाला बसत नाही, गिऱ्हाइकं घड्याळं परत मागायला लागली आहेत. आजार वाढलाय, जोराची गोळी द्या.

धाकटा हळूच म्हणाला, "डोकं शांत आहे, दादा. पाय बसू देत नाहीत."

"तू गप्प राहा. तुला काय कळतंय?"

ज्याचे पाय, त्यालाच म्हणे कळत नाही! डॉक्टर तरी काय वेगळे? माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, ही खुर्चीच मेली डुगडुगते. आणि तीच गोळी दुप्पट करायला त्यांनी पेन उचललं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाचता येईना, अंगण वाकडं! गोळी वाढली असती, तर तो माणूस पुन्हा कधी कामाला बसूच शकला नसता.

माझ्यावर राग म्हणून डॉक्टरांनी दोघा भावांना जागा बदलायला लावली. थोरला अंगाने चांगला भरलेला. तो माझ्यावर बसला आणि मी हूं की चूं केलं नाही. इकडे ती गादीवाली, जिचं कौतुक करताना कुणाचं तोंड दुखायचं नाही, ती धाकट्याखाली खडखड वाजायला लागली.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पेन खाली ठेवलं. मग माझ्यादेखत प्रथमच त्यांनी सरळ पेशंटला विचारलं, "बेचैनी मनात आहे की पायांत?"

"पायांत. नवी गोळी घेतोय तेव्हापासून."

डॉक्टर ओशाळले. वाढला होता तो आजार नव्हता, तो गोळीचाच त्रास होता. त्यांनी गोळी कमी केली आणि पुढे कोणती चालेल, ते त्याच्याशी बोलून ठरवलं. थोरला तोंड फुगवून बसला होता.

आणि मला काय मिळालं? बाहेरच्या पॅसेजमध्ये हकालपट्टी. आता माझ्यावर फरशीची ओली फडकी वाळत घालतात. कामापुरता मामा, दुसरं काय! मित्रांनो, माझी कीव करू नका, ती मला चालत नाही. फक्त माणसाला समोर बसवलंत, तर त्याचं दुखणं त्यालाच विचारा, आणि उत्तर पटलं नाही तरी ऐकून घ्या.

परवा घड्याळवाला आला. फडकी बाजूला सारून माझ्यावर बसला आणि नंबर येईपर्यंत उठला नाही. मग दोघे भाऊ आत गेले. दार उघडंच होतं. डॉक्टरांनी जुन्या खोडीप्रमाणे थोरल्यालाच विचारलं, आता कसं आहे यांचं?

थोरला फणकारला, "मला काय विचारता? तो बसलाय ना समोर."